उंटाच्या डोंगराचा पायाळू

वाडी, हसनाबादजवळ
दि. २० फेब्रुवारी २०२५, गुरुवार
सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे

रेणूस सप्रेम नमस्कार, वि. वि.

वर लिहिलेल्या वेळी मी शेजारच्या तुळजाबाईच्या कमरेवर डावा पाय ठेवून उभा होतो. पूर्ण उभा नव्हतो, उजवा पाय जमिनीवर होता आणि हात दाराच्या चौकटीला. सकाळी हंडा उचलताना तिला उसण भरली होती, आणि उसण पायाळूच्या लाथेनेच उतरते. मी हलकेच लाथ मारली. ती म्हणाली, "जोरात हाण की रे, मी काय अंडं हाय का?" तेवढ्यात पप्पू आला आणि मला बाहेर बोलावले. त्याने जे सांगितले त्यासाठी हे पत्र.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू हसतेस आणि मी काय बोलणार होतो ते विसरतो. पत्रात तू हसलीस तरी मला ऐकू येत नाही. म्हणून यापुढे महत्त्वाचे सर्व पत्रानेच.

आमच्या उंटाच्या डोंगराची गोष्ट तुला माहीत आहे, तरी लिहितो, म्हणजे पत्र पूर्ण होईल. जुन्या काळी कोण्या नवाबाच्या वसुलीचे सात उंट डोंगराखालून चालले होते. दरोडेखोर आले. सहा उंट सापडले. सातवा, ज्याच्या पाठीवर सोने होते, तो डोंगरात शिरला आणि डोंगर मिटला. म्हणून डोंगराला कुबड आहे. ते सोने पायाळू माणसालाच दिसते, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय डोक्याआधी आले त्याला. पंचक्रोशीत पायाळू मी एकटाच आहे.

पप्पूचे हसनाबादला मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, पण त्याचे लक्ष डोंगरात. तो म्हणाला, "जेसीबी मशीनवाल्याशी बोलून आल्तो. पाडव्याला येतो म्हणला. अमावास्येला म्हणलं तर त्याची बायको सोडीत न्हाई. तू बोट दाखवायचं, त्यानं खांदायचं. बराबर अर्धं अर्धं." मशीनचे भाडे तासावर आहे, म्हणून खर्चही अर्धा अर्धा. माझ्याकडे वडिलांच्या मागे राहिलेल्या बावीस मेंढ्यांशिवाय काही नाही. व्यापारी म्हणतो, घेईन तर सगळा कळप घेईन. पाडव्याच्या आदल्या दिवशी बाजार आहे.

माझी अडचण अशी की मला आजवर जमिनीखालचे काहीच दिसलेले नाही. दिसते म्हणजे नेमके कसे दिसते? उजेड पडतो की आकार दिसतो? तू जालन्यात असतेस, चार लोक भेटतात, कुणाला विचारता आले तर पाहा.

तुझा,
गोरक्षनाथ

ता. क. मामांकडे तीर्थपुरीचे लोक तुला बघायला येणार आहेत, असे आई म्हणाली. त्यांचे कृषी सेवा केंद्र रस्त्यावर आहे म्हणे. चांगले आहे.

*

जालना
२६ फेब्रुवारी

गोरख,

तुझं 'सप्रेम' पोचलं. पुढचं 'वि. वि.' वाचून ते जरा गार झालं, पण चालेल.

मी इथं बियाण्याच्या कंपनीत दिवसभर ओल्या कागदावर किती दाणे उगवले ते मोजते. माझ्या चार लोकांत जमिनीखालचं बघणारं कुणी नाही. जे उगवून वर येतं तेवढंच आम्हाला दिसतं.

तू मेंढ्या राखणारा माणूस, तरी तुला एक प्रश्न पडला नाही याचं मला नवल वाटतं. उंट आत गेला, डोंगर मिटला, इथवर ठीक. त्याच्या चाऱ्याचं काय? आणि तुझी मेंढी साधं काटेरी झुडूप खाऊन वर्षाला कोकरू देते. त्या उंटानं इतक्या वर्षांत काय दिलं? एक कुबड.

पप्पूला हेही विचार, की धन सापडलं तर ते सरकारजमा होतं हे त्याला माहीत आहे का. नाहीतर मेंढ्या विकून तू सरकारला उंट भेट देशील आणि वर्तमानपत्रात फोटो पप्पूचा येईल.

खरं सांगू? तू पायाळू म्हणून लहानपणी आभाळ गडगडलं की आत्या तुला पोत्याखाली बसवायची, वीज पडू नये म्हणून. मी बाहेर गारा वेचायचे आणि तुला पोत्याच्या फटीतून एक एक द्यायचे. तू ती चाटण्याआधी विचारायचास, "ही स्वच्छ आहे का?" असा माणूस बावीस मेंढ्या विकून डोंगर फोडणार. मला हसू आलं. ऐकू आलं नसेल.

पण हसण्याची गोष्ट संपली. मेंढ्या विकू नकोस. त्या गेल्या की तू उद्यापासून कुणाच्या तरी रानात रोजानं जाशील, आणि पायाळू म्हणून कुणी तुला दोन रुपये जास्त देणार नाही. तुला सोनं एवढं कशाला पाहिजे? मेंढ्यांच्या शिंगांना लावायला?

पुढच्या आठवड्यात मी वडीगोद्रीला घरी जाणार आहे. ज्या सोनूबाईनं आपल्या दोघांची बाळंतपणं केली ती अजून ठणठणीत आहे. पायाळूला कसं दिसतं ते तिलाच विचारते.

रेणू

ता. क. तीर्थपुरीचं दुकान रस्त्यावर नाही, रस्त्याकडेला आहे. रस्त्यावर असतं तर बस कुठून गेली असती?

*

वाडी
दि. ४ मार्च २०२५, मंगळवार, दुपारी

रेणूस सप्रेम नमस्कार. (वि. वि. काढले आहे.)

तुझ्या चाऱ्याच्या प्रश्नावर मी विचार केला. पप्पूलाही विचारले. तो म्हणाला, "उंट कवाच मेला आसंल. सोनं काय खातं?" सरकारजमा होण्याबद्दल म्हणाला, "आधी सापडू तर दे, मंग सरकार बघू."

तुझे पत्र आले त्या दिवशी पप्पूने माझी परीक्षा घेतली. अंगणात कोंबड्या झाकायच्या पाच डाल्या पालथ्या घातल्या, एकीखाली रुपया ठेवला आणि मला बघायला लावले. मी डाव्या बाजूची सांगितली. तिच्याखाली कोंबडी निघाली. पप्पू डगमगला नाही. "रुपया लोखंडाचा हाय. पायाळूला लोखंड कशाला दिसंल?" मग त्याने आईकडून तिच्या पोतीतला एक सोन्याचा मणी मागून घेतला. आईने दिला, पण तिचा जीव त्या मण्यात. मी मागे वळून उभा होतो. वळलो तर आई चुलीकडे जाण्याचे सोडून मधल्या डालीकडे टक लावून उभी. मी मधली डाली सांगितली. मणी निघाला.

पप्पूने मला उचलले. तुळजाबाईने हात जोडले. मी म्हणालो, "मला आईच्या डोळ्यांवरून कळलं." पप्पू म्हणाला, "बघ, आईच्या डोळ्यात बी दिसून राह्यलं तुला!" मी मणी आईला परत दिला.

मी डोंगरावर जाऊन बसतो. मेंढ्या चरतात, मी जमिनीकडे बघतो. मुंग्यांची वारुळे दिसतात, खडकावर पाल दिसते, एकदा कुणाची तरी चप्पल दिसली. फार वेळ बघितले की डोळ्यांपुढे पिवळे ठिपके येतात. हेच ते असेल का, हे सोनूबाईला जरूर विचार.

व्यापारी येऊन मेंढ्या बघून गेला. त्याने विसार म्हणून पाच हजार दिले. मी घेतले. पैसे आईजवळ ठेवले आहेत, तिने ते गव्हाच्या कोठीत टाकले आणि तेव्हापासून ती माझ्याशी फक्त जेवणापुरते बोलते.

सोने कशाला पाहिजे असे विचारले आहेस. ते पुढे कधीतरी.

गोरक्षनाथ

*

जालना
११ मार्च

गोरख,

वडीगोद्रीला जाऊन आले. हायवेकडच्या हॉटेलात बाबांनी मला भजी खाऊ घातली आणि आईला सांगू नको म्हणाले. म्हणून मी तुला सांगते.

तीर्थपुरीची मंडळी येऊन गेली. मुलगा चांगला आहे. त्यानं मला एकच प्रश्न विचारला: बियाण्याच्या कंपनीत माझी ओळख किती, माल उधार मिळेल का. मी म्हटलं, मी फक्त उगवण मोजते. तो खट्टू झाला. त्याच्या आईला मात्र मी फार आवडले. पुन्हा येणार आहेत म्हणे.

सोनूबाईला भेटले. तिला आता फारसं काही आठवत नाही. चहा पिऊन आले.

एक विचारायचं होतं. तू लाथ डाव्या पायानं मारतोस की उजव्या? आणि आजवर तुझ्या लाथेनं बरं न झालेलं कुणी आहे का? सहज विचारते.

मेंढ्या शेवटच्या दिवसापर्यंत देऊ नकोस. विसार घेतला म्हणजे मेंढ्या दिल्या असं होत नाही. एवढं माझं ऐक.

आज फार लिहीत नाही. काम आहे.

रेणू

*

वाडी
दि. १५ मार्च २०२५, शनिवार, रात्री जेवण झाल्यावर

रेणूस सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दोनदा वाचले. त्यात एकही टोमणा सापडला नाही, त्यामुळे काळजी वाटते. तब्येत ठीक आहे ना?

प्रश्नांची उत्तरे. लाथ डाव्या पायाने मारतो. लहानपणी आजोबांनी तशीच सवय लावली. बरे न झालेले दोघे आहेत. एक, भानुदास गुरुजी, त्यांना उसण नव्हती, मुतखडा होता. दुसरा मशीनवाला, पण तो लाथ मारण्याआधीच हसायला लागला.

सोनूबाईला आठवत नाही हे वाचून वाईट वाटले. तिच्याशिवाय मला सांगणारे कुणी नव्हते.

सोने कशाला, ते आता लिहितो, कारण तोंडाने माझ्याने होणार नाही. माझी दहावी राहिली आहे. इंग्रजीत तीनदा नापास झालो. घरावर पत्रे आहेत. मेंढ्या आहेत, पण मेंढ्या असलेल्या माणसाला आता आपल्याच लोकांत मुलगी देत नाहीत, दुकान असलेल्याला देतात. मामांकडे जाऊन काही बोलायचे तर हातात काही असावे लागते. मी त्यांच्या ओट्यावर बसतो, मामा विचारतात "काय म्हणतोस गोरख?" आणि मी पाणी पिऊन परत येतो. तीन वर्षे मी नुसते पाणी पीत आलो आहे.

तीर्थपुरीचे लोक पुन्हा येण्याआधी पाडवा आहे. म्हणून घाई.

मेंढ्या २८ तारखेला, शुक्रवारी दुपारी चालवत निघेन, शनिवारी बाजार. त्यातल्या ढवळीला, जी सगळ्यांच्या पुढे चालते, तिला काही कळले असावे. ती दोन दिवस माझा सदरा चावते आहे.

वरील मजकूर वाचून हसलीस तरी चालेल.

गोरक्षनाथ

*

जालना
१९ मार्च

गोरख,

हसले नाही.

मी तुझ्याशी खोटं बोलले. सोनूबाईला सगळं आठवतं. आठवतं म्हणजे इतकं, की मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "आलीस का गं पाय झाडीत?"

मी म्हटलं, म्हणजे काय? तेव्हा तिनं सांगितलं. शब्दच लिहिते: "ह्या हातानं दोघं बी काढली, एका रात्री. आशाचं पोरगं सरळ आलं, डोकं आधी, गुमान. आन् तू आलीस पायानं. माझ्या नाकावर लाथ हाणलीस. हे बघ, आजून वाकडं हाय."

पायाळू तू नाहीस. मी आहे.

माझी आई रडायला लागली म्हणे. पोरगी पायाळू निघाली की तिच्यामागं वीज, तिच्यामागं धन शोधणारे, आणि स्थळं पुढच्या दारानं येऊन मागच्या दारानं जाणार. तेव्हा पलीकडच्या खाटेवरून आत्या म्हणाली, "वैनी, माझ्या पोराच्या नावावर टाका. पोराला कोन इचारतंय कसा आला म्हून." बस, तेवढ्यावर ठरलं. आणखी दोन बायकांना माहीत होतं, त्या दोघी गेल्या.

मी घरी येऊन आईला विचारलं. आधी ती माझ्यावर ओरडली, मग सोनूबाईवर, मग भांडी घासायला बसली. भांडी घासलेलीच होती.

गोरख, मी गारा वेचायचे तेव्हा आई मला घरात ओढून न्यायची नाही. मला वाटायचं, तिला माझं काही नाही, आत्याला बघ तुझी किती काळजी. आता आठवतं, आई दारात उभी असायची. ओरडायची नाही. मला आत ओढलं असतं तर लोकांनी विचारलं असतं. ती नुसती दाराची कडी धरून असायची, वीज चमकली की तिची बोटं पांढरी पडायची.

बाकी काही असो, आता काम सोपं आहे. पप्पूला सांग, तू पायाळू नाहीस. सगळ्यांसमोर सांग. नाव माझंही सांग. पायाळूशिवाय तो मशीन आणणार नाही, आणि मेंढ्या घरी राहतील. तीर्थपुरीलाही कळू दे.

तुझ्या पत्रातल्या पाणी पिण्याच्या गोष्टीबद्दल नंतर बोलू. आधी मेंढ्या.

रेणू

*

वाडी
दि. २३ मार्च २०२५, रविवार, सकाळी नऊ

रेणूस सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा आले. दोन दिवस कामात लक्ष नव्हते. मी सरळ आलो, गुमान आलो, हे वाचून आधी बरे वाटले. मग वाटले, माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, तीही तुझी निघाली. आणि मी तुळजाबाईला इतकी वर्षे कशाने बरे करत होतो?

आईला विचारले. ती म्हणाली, "मंग काय झालं? दैवशालावैनीची पोर ती माझी पोर न्हाई का?" आणि भाकरी थापायला लागली.

आता निर्णय. मी कुणाला काही सांगणार नाही. मी पायाळू नाही म्हटले तर पप्पू विचारणार, मग कोण? त्या रात्री मामांच्या घरात दोनच मुले जन्मली हे सर्वांना ठाऊक आहे. तीर्थपुरीला कळले तर तुझे जमत आलेले मोडेल. मामींनी चोवीस वर्षे जे झाकले ते मी एका डोंगरासाठी उघडे करू? माझ्याने होणार नाही.

मेंढ्या शुक्रवारी निघतील. पाडव्याला मी कुठेतरी बोट दाखवीन.

तू काळजी करू नकोस. तुझे नाव माझ्या तोंडून निघणार नाही.

गोरक्षनाथ

*

वाडी
दि. १ एप्रिल २०२५, मंगळवार, दुपारी दोन

रेणूस सप्रेम नमस्कार.

तू शुक्रवारी वाडीत येऊन गेलीस आणि मी नव्हतो. मला जो तो वेगळे सांगतो. डोंगरावर काय झाले ते तूच लिही. माझ्याकडचे मी लिहितो.

मी मेंढ्या घेऊन दुपारीच निघालो होतो. ऊन उतरायला लागले तेव्हा आम्ही मोठ्या पुलाच्या पलीकडे होतो. मागून मोटारसायकलचा आवाज आला, हॉर्न सतत. बघतो तर पप्पू, एका हाताने चालवतो आणि दुसरा हात हवेत. लांबूनच ओरडला, "थांब! गोऱ्या, थांब! तू पायाळू न्हाईस!"

पुलाजवळ उसाच्या रसाचे गुऱ्हाळ आहे. तिथले सगळे लोक उठून उभे राहिले. एका ट्रकवाल्याने काच खाली करून विचारले, "काय झालं हो?" पप्पू त्याला म्हणाला, "अहो, ह्याचे पाय मागून आल्ते!" ट्रकवाल्याने माझ्या पायांकडे बघितले आणि काच वर केली.

मी म्हणालो, "मला माहीत आहे."

पप्पू गाडीवरून उतरायचे विसरला. "माहीत हाय? मंग सांगितलं का न्हाई?"

"रेणूचं लग्न मोडलं असतं."

त्याने गाडी बंद केली. मग म्हणाला, "आरं येड्या, तिनंच येऊन सांगितलं ना समद्या वाडीसमोर. म्हातारीला जीपमधी घालून आणलं तिनं. आन् तू इकडं बावीस मेंढ्या गप विकायला चाललास. मला काय सोन्यासाठी तुझं घर बुडवायचं होतं का? मला वाटलं तुला दिसतंय." मग जोरात म्हणाला, "फिरव जल्दी!"

मी ढवळीला नुसते 'हुर्र' म्हणालो. ती आधीच वळली होती.

रात्री पुलाजवळच मुक्काम केला. पप्पूही थांबला. त्याने मला रस पाजला आणि म्हणाला, त्याच्या आजोबांनी त्याला मरताना डोंगराकडे बोट दाखवले होते. त्यांना कदाचित नुसती खिडकी उघडून हवी असेल, असे त्याला आज पहिल्यांदा वाटले.

गोरक्षनाथ

*

जालना
५ एप्रिल

गोरख,

तुझं २३ तारखेचं पत्र वाचून मी ओल्या कागदावरचे दाणे मोजायचे विसरले. साहेब म्हणाले, "रेणू, उगवण किती?" मी म्हटलं, "शून्य." ते घाबरले. मी तुझ्याबद्दल बोलत होते.

मी लिहिलं होतं 'तीर्थपुरीलाही कळू दे'. तू ते वाचून ठरवलंस की तीर्थपुरीला कळू द्यायचं नाही. एवढं जपून वाचणारा माणूस एवढं चुकीचं कसं वाचतो? मला तिथं जायचं असतं तर मी सोनूबाईला जीपमध्ये बसवलं असतं का? सबंध वाटेत ती पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला सांगत होती, तो कसा जन्मला ते.

तुला पत्र लिहायला वेळ नव्हता आणि तू फोन उचलत नव्हतास. आले तर तू गेलेला. पप्पू देवळासमोर मशीनवाल्याशी हिशोब करत होता. सोनूबाईनं तिथंच जाहीर केलं आणि नाक दाखवलं. लोकांनी नाक बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तुळजाबाई एकदम म्हणाली, "म्हंजे गोरखाच्या लाथंत काहीच न्हाई? मंग मी बरी कशी झाले?" सोनूबाई म्हणाली, "तू बरी व्हायचं ठरीवलंस म्हून."

पप्पू हात जोडून म्हणाला, "मंग ताई, तुम्हीच बघा. एकदाच." मी नाही म्हटलं असतं तर त्याचा डोंगर सुटला नसता, म्हणून गेले. वाडीतली निम्मी माणसं मागे. वर जाऊन उभी राहिले. सूर्य खाली चालला होता.

तुला म्हणून सांगते. डोंगर चढेपर्यंत मला सगळी गंमत वाटत होती. वर गेल्यावर सगळे माझ्या बोटाकडे बघायला लागले आणि एक क्षण मला वाटलं, दिसलं तर? खरंच काही दिसलं तर मी काय करू? मी खाली बघितलं. मेंढ्यांच्या लेंड्या, करवंदीची जाळी, खडक. मी पुन्हा बघितलं, इमानदारीनं. काही नव्हतं. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, "काही नाही." पप्पू म्हणाला, "बिलकुल न्हाई?" मी म्हटलं, "बिलकुल." मग विचारलं, "व्यापाऱ्याकडं गोरख कोणत्या रस्त्यानं गेलाय?" त्याचा चेहरा पडला. तुझ्या मेंढ्यांचं तो खरंच विसरला होता. त्यानं खाली पळत जाऊन, चप्पलही न घालता गाडीला किक मारली. माणूस वाईट नाही.

मला शनिवारी कामावर यायचं होतं, म्हणून त्याच जीपनं परत फिरले.

तीर्थपुरीचा निरोप आला. त्यांच्या गोदामावर पत्रे आहेत आणि आत खतं आहेत, वीज पडली तर मोठं नुकसान होईल. बाबा म्हणाले, "मंग काँक्रीट टाका म्हणावं." आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिची कंबर धरली. बराच वेळ इकडं तिकडं बघून म्हणाली, "आता समद्याला कळलंच हाय तर ये, हाण एक." मी हाणली. ती पालथी पडून हसत होती, मीही.

आता तुझं. तीन वर्षं पाणी पिऊन गेलास. सोनं नाही, पायही तुझे नाहीत, सगळं मोकळं झालं. बोलायला सोनं लागत नाही, तोंड लागतं. तेही होत नसेल तर लिही. लिहायला तर तुला येतं.

रेणू

*

वाडी
दि. १० एप्रिल २०२५, गुरुवार, सकाळी साडेसहा, मेंढ्या सोडण्याआधी

प्रिय रेणू,

मला तुझ्याशी लग्न करायचे आहे.

हे वाक्य आधी वहीत लिहून पाहिले. त्यात आणखी काही घालावे असे वाटले, पण जे घातले ते खोडावे लागले. म्हणून एवढेच.

आमच्या घरावरही पत्रेच आहेत, हे आधी सांगितलेले बरे. उन्हाळ्यात तापतात आणि पावसात बोललेले ऐकू येत नाही. विजेचे मला भय वाटत होते, पण ते मी पायाळू होतो तेव्हाचे. आता तू आहेस म्हटल्यावर पुन्हा वाटायला लागले आहे. ते माझ्याकडे राहू दे, तू त्याची चिंता करू नकोस.

परवा तुळजाबाई आली. मी म्हणालो, माझ्या पायात काही नाही, तुम्हाला माहीत आहे. ती पालथी झोपत म्हणाली, "गप रे. रेणू येईस्तोवर काय मी वाकडी राहू का?" मी लाथ मारली. पहिल्यांदाच जोरात मारली. तिला आराम पडला.

आई रविवारी मामांशी बोलायला वडीगोद्रीला येणार आहे. मीही येईन आणि पाणी पिण्याआधी बोलेन. पप्पू म्हणतो तो गाडीवर सोडायला येतो. त्याला नको म्हणालो, तरी येणार.

आजवरचा हिशोब खाली देतो, म्हणजे लपवलेले काही राहणार नाही.

व्यापाऱ्याचा विसार परत केला, ५,००० रुपये. त्याने खेपेचे म्हणून वेगळे ३०० घेतले, ते गेले.

मशीनवाल्याकडे पप्पूचे आगाऊ २,००० रुपये बुडाले. त्यातले अर्धे, १,०००, मी पप्पूला देणे आहे. तो नको म्हणतो. लोकर कातरल्यावर देईन.

पुलावरचा रस, दोघांचा, ६० रुपये. पप्पूने दिले. हेही देणे.

सोनूबाईची जीप तू केलीस. किती झाले ते कळव, तेवढे तुझे देणे.

हसनाबादच्या मंडपवाल्याला आगाऊ ५०० रुपये. तो म्हणाला, तारीख सांगा. मी म्हणालो, अजून ठरलेली नाही, पण मंडप तुझाच. त्याने पावतीवर तारखेची जागा कोरी सोडली. पावती सोबत जोडली आहे. तारीख तू घाल.

तुझा,
गोरक्षनाथ